वैशाखातली पालवी

चैत्र सरत आला की नांदेड-लातूरकडच्या काळ्या रानाला भेगा पडू लागतात. वैशाखात त्या इतक्या रुंदावतात की हाताचा पंजा त्यांत सहज जावा. गोदावरीच्या आणि मांजरेच्या काठचा वारा दुपारी अंग भाजून काढतो. पारा ४२-४३ अंशांच्या घरात जातो, आड तळ दाखवू लागतात आणि पाऊस अजून महिना-दीड महिना दूर असतो. नेमक्या याच दिवसांत परसातल्या कढीपत्त्याला पोपटी कोंब फुटतात. हिवाळा संपताना पाने गाळून काटक्यांसारखे उभे राहिलेले सीताफळाचे झुडूप हिरवे होते. दफनभूमीतल्या चाफ्याच्या उघड्या फांद्यांवर फुले येतात. पाने मागाहून येतात. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला मोगरा कळ्यांनी भरून जातो.

हे दृश्य आपण दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी विसरतो. बागेचा इतिहास म्हटला की डोळ्यांसमोर बादशहांची उद्याने आणि कारंजी येतात. सामान्य घराच्या अंगणालाही इतिहास असतो, हे आपल्या ध्यानीमनी नसते. वास्तविक त्या चार-सहा झाडांच्या मुळाशी दोन खंडांचा, एका राजवटीचा, काही धर्मगुरूंचा आणि असंख्य अनामिक गृहिणींचा इतिहास दडलेला आहे. तो उकलून पाहावासा वाटण्यास एक कारण आहे. मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबाला कोणी ना कोणी, कधी ना कधी, 'तुम्ही मूळचे कुठले?' असे विचारलेले असते. विचारणाऱ्याच्या मनात प्रत्येक वेळी वाईट असतेच असे नाही. तथापि आपण या मातीतलेच आहोत हे सांगूनही न पटणाऱ्याला काय दाखवावे, असा प्रश्न पडतो. अशा वेळी अंगणातली झाडे साक्षीला बोलावता येतात.

दोन वसंत

पुनरुत्थानाचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान केव्हातरी येतो. तेथून पन्नासाव्या दिवशी, म्हणजे १० मे ते १३ जून या काळात, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण येतो. युरोपात ज्या ख्रिस्ती उपासनेची घडण झाली, तिच्या भोवती या दिवसांत बर्फ वितळत होते, ओली माती उघडी पडत होती आणि झाडे डोळे उघडत होती. त्यामुळे पुनरुत्थान आणि वसंत यांची सांगड तेथील गीतांत, चित्रांत, चालीरीतींत सहज बसली. ती चित्रे आपल्या घरांतूनही आली. हिरव्या कुरणावरची कोकरे आणि पांढऱ्या लिलीची फुले असलेले भेटकार्ड, बाहेर लू वाहत असताना, आपण भिंतीवर टाचले.

मग आपल्याकडच्या पुनरुत्थानकाळाला ऋतूची साथ नाही काय? पंचांग उघडून पाहावे. हा काळ बहुधा चैत्रात सुरू होतो, वैशाख ओलांडतो आणि रोहिणी-मृग नक्षत्रांच्या उंबरठ्यापाशी संपतो. चैत्रपालवी फुटल्यापासून आभाळ भरून येईपर्यंतचे दिवस ते हेच. पश्चिमेचा वसंत पाणी मिळाल्यावर फुलतो. आपला वसंत पाणी मिळण्याआधी फुलतो. पन्नास दिवस वाट पाहणाऱ्या शिष्यांचे स्मरण करण्यास यापेक्षा योग्य ऋतू कोणता असेल?

शुभवर्तमानकार योहान सांगतो की, प्रभूला जेथे क्रूसावर खिळले त्या जागी एक बाग होती आणि त्या बागेत नवी कबर होती. आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे मरिया मग्दालिया तेथे रडत उभी होती. समोर उभ्या असलेल्या प्रभूला तिने ओळखले नाही. तिला तो माळी वाटला. या प्रसंगाचा विचार वैशाखातल्या कोरड्या अंगणात उभे राहून केला, तर त्याला वेगळाच अर्थ येतो.

ताणाचे मर्म

भर उन्हाळ्यात, पाऊस नसताना झाडांना पालवी का फुटावी? आशियातील मान्सूनच्या वनांवरील २००६ मधील एका शास्त्रीय अभ्यासाने या घटनेला विरोधाभासच म्हटले आहे. पाने म्हणजे पाण्याचा खर्च. तो खर्च वर्षातील सर्वांत कोरड्या दिवसांत करण्यात शहाणपण कोणते? उत्तर असे की, ही झाडे आभाळाकडे पाहून चालत नाहीत. २१ मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात आणि नंतर दिवस मोठा होत जातो. अनेक झाडांच्या डोळ्यांना हीच खूण पुरते. खोल गेलेली मुळे जमिनीच्या पोटातली ओल आणतात, खोडात साठलेले पाणीही उपयोगी पडते. पाऊस येईल तेव्हा पाने तयार असली पाहिजेत, म्हणजे पहिल्या दिवसापासून अन्न तयार करता येते. शिवाय पावसाबरोबर किडी-अळ्यांचा सुळसुळाट होतो. तोपर्यंत कोवळी पाने निबर झालेली असतात.

काळी जमीन या कामी सोपी नाही. ती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. भेगा पडताना तिच्यातली बारीक मुळे तुटतात. म्हणून या मातीत टिकलेली झुडपे आणि बहुवर्षायू गवते ही निवडून निघालेली आहेत. ज्याला मूळ खोल घालता आले, किंवा ज्याने जमिनीखाली कंद, गड्डा वा गाठी राखल्या, तेच पुढच्या वर्षी दिसते. भुईचाफा याचे सुंदर उदाहरण आहे. त्याची पाने वाळून नाहीशी होतात, जागाही विसरली जाते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस कोरड्या मातीतून एकाएकी जांभळट-पांढरे फूल वर येते. गुलबक्षीचेही तसेच. वरचा भाग गेला तरी तिचे गाजरासारखे जाड मूळ खाली जिवंत असते. घंगाळभर पाणी मिळाले की ते पुन्हा फुटते.

आपल्या शेतकऱ्यांनी आणि माळ्यांनी हा स्वभाव शास्त्राच्या कितीतरी आधी ओळखला होता. त्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: 'ताण'. मोसंबीचा बहार धरायचा तर आधी बागेचे पाणी तोडतात, पाने पिवळी पडू देतात आणि मग खत घालून पाणी सोडतात. अंगणातल्या मोगऱ्यालाही हिवाळ्यात पाणी कमी करून छाटणी करतात. माघानंतर पाणी दिले की नवे फुटवे येतात आणि त्या फुटव्यांच्या शेंड्यांवर चैत्र-वैशाखात कळ्या धरतात. सदैव लाडात ठेवलेला मोगरा पानांनी माजतो, फुलत नाही. उपवासकाळाचे मर्म समजावून सांगण्यास याहून चांगला दाखला धर्मशिक्षणाच्या वर्गात क्वचितच मिळेल.

आड आणि न्हाणी

मराठवाडा अठराव्या शतकापासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. आजचा लातूर जिल्हाही १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. या प्रदेशातले जुने घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचे माळवद आणि मध्ये अंगण. उन्हाला आणि चोराला, दोघांनाही बाहेर ठेवील असे ते घर. अशा घरात शोभेची बाग नसे. झाड लावले जाई ते पाणी जेथे आपोआप पोचते तेथे.

पाणी पोचण्याच्या जागा दोन, आडाचा काठ आणि न्हाणीची मोरी. आडाच्या काठी सांडलेल्या पाण्यावर हरळी हिरवी राही आणि सोय असली तर वाळ्याचे एखादे बेट वाढे. वाळ्याच्या मुळ्या रांजणात टाकत आणि दाराला लावलेल्या त्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडत. मोरीच्या तोंडाशी केळ, अळू, कर्दळ किंवा मोगरा असे. थोडे पलीकडे, जेथे पाणी पोचत नसे, तेथे शेवगा, कडुनिंब, सीताफळ. ही रचना कोणी आखलेली नव्हती. पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांच्या हातांनी ती पिढ्यानपिढ्या घडवली. बादशाही बागांचा आराखडा कागदावर सापडतो. या बागेचा आराखडा ओल्या जमिनीच्या डागांवरून ओळखावा लागतो.

समुद्रापलीकडून

या अंगणात सगळेच मूळचे होते काय? हरळी, वाळा, कढीपत्ता, कडुनिंब, तुळस, शेवगा यांचे आपल्या भूमीशी नाते फार जुने आहे. पण सीताफळ, रामफळ, पेरू, पपई, पांढरा चाफा, गुलबक्षी, निशिगंध, झेंडू आणि कर्दळ या साऱ्यांचे मूळ घर अमेरिका खंडात आहे. कोलंबस १४९२ मध्ये अटलांटिक ओलांडून गेला आणि वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला. त्यानंतरच्या शे-दीडशे वर्षांत, पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांच्या फेऱ्यांत, या वनस्पतींपैकी बऱ्याच आशियात पसरल्या. गोवा हे त्या वाटेवरचे मोठे बंदर होते.

गोव्याच्या बागांची गोष्ट निघाली की गार्सिया द ओर्ता या वैद्याचे नाव घ्यावे लागते. तो १५३४ मध्ये गोव्याला आला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा याच्या दरबारी तो वैद्य म्हणून जात असे, म्हणजे दख्खनच्या पठाराची त्याला प्रत्यक्ष ओळख होती. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते आणि तेथे त्याने बाग केली होती. भारतातील औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. आपल्या प्राजक्ताला त्यात 'दुःखी वृक्ष' म्हटले असून सूर्यावर भाळलेल्या राजकन्येची कथाही दिली आहे. परदेशी वैद्याने येथील माणसांना झाडांची नावे विचारावीत, त्यांच्या कथा ऐकून घ्याव्यात आणि त्या जशा ऐकल्या तशा लिहून ठेवाव्यात, ही गोष्ट त्या शतकात लहान नव्हती.

त्याच्या कथेचा शेवट मात्र क्लेशकारक आहे. ओर्ता ज्यू वंशातून सक्तीने ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला होता. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळले आणि १५८० मध्ये खुद्द त्याच्या अस्थी उकरून काढून जाळण्यात आल्या. आपल्याच धर्मसंस्थेच्या नावाने घडलेली ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी भूतकाळात ख्रिस्ती लोकांच्या हातून घडलेल्या अशा पातकांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. मूळ कोठले, हे विचारून माणसाला छळण्याचे पाप आपल्या इतिहासातही आहे. हे आठवले म्हणजे आज तोच प्रश्न आपल्याला विचारला जातो तेव्हा आपल्या उत्तरात राग कमी आणि नम्रता अधिक येते.

आता सीताफळाकडे वळू. भरहुतच्या प्राचीन शिल्पांत सीताफळासारखे फळ दिसते, असे मत अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी मांडले होते आणि त्यावर बराच वाद झाला. या झाडाचे मूळ अमेरिकेतच, असे वनस्पतिशास्त्र मानते. परंतु आपल्या लोकांनी त्याला नाव काय दिले? सीताफळ! त्याच्या भावंडाला रामफळ. वनवासातल्या पती-पत्नींची, घराघरांत पूजली जाणारी नावे या पाहुण्यांना मिळाली. मराठवाड्याच्या बालाघाट डोंगररांगांत सीताफळ असे रुजले की ते मुद्दाम लावावे लागत नाही. त्याची पाने शेळ्या खात नाहीत. मुरमाड, उथळ जमीन त्याला चालते. उन्हाळ्याच्या तोंडावर ते पाने टाकते, वैशाखात नव्या पानांबरोबर हिरवट फुले आणते आणि फळे पावसानंतर पिकवते. अंबाजोगाईला आज सीताफळ संशोधन केंद्र आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सातासमुद्रापलीकडून आलेले फळ सरकारी कागदोपत्री 'या भूमीचे' ठरले!

चाफ्याची कथा आणखी निराळी. आपण ज्याला पांढरा चाफा किंवा खुरचाफा म्हणतो, त्याचे शास्त्रीय कुलनाम 'प्लुमेरिया'. ते शार्ल प्लुमिए या फ्रेंच संन्याशाच्या स्मरणार्थ आहे. प्लुमिए (१६४६-१७०४) हा मिनिम संघाचा व्रती होता. वेस्ट इंडीजच्या बेटांवर त्याने तीन सफरी केल्या, हजारो चित्रे काढली आणि चौथ्या सफरीसाठी निघाला असताना स्पेनच्या किनाऱ्यावर त्याचा मृत्यू झाला. आपल्या शोधांना त्याने इतर विद्वानांची नावे दिली. त्यांपैकी 'मॅग्नोलिया' हे एक. गंमत अशी की, आपला अस्सल देशी सोनचाफाही आज शास्त्रज्ञ याच मॅग्नोलिया कुळात घालतात. म्हणजे एक चाफा त्याच्या नावाचा आणि दुसरा त्याने दिलेल्या नावाचा. मराठी माणसाने मात्र हे काही न जाणता दोघांनाही चाफाच म्हटले, आणि देशी-परदेशी हा भेद एका शब्दात मिटवला.

पांढऱ्या चाफ्याची फांदी तोडून चार-आठ दिवस सावलीत ठेवतात, चीक सुकू देतात आणि मग मातीत रोवतात. लगेच लावली तर ती कुजते. जखम वाळू दिल्यावरच तिला मुळे फुटतात. देवळांच्या, दर्ग्यांच्या आणि ख्रिस्ती दफनभूमींच्या आवारात, तिन्ही ठिकाणी, तो सारख्याच विश्वासाने उभा असतो. पानगळीनंतर त्याची बोटांसारखी उघडी फांदी मेलेली वाटते. पण उन्हाळ्यात तिच्याच टोकाला सुगंधी झुबके येतात. आपल्या पूर्वजांच्या थडग्यांवर ती फुले ओघळतात तेव्हा पुनरुत्थानावर वेगळे प्रवचन लागत नाही.

एक फूल, दोन वाचने

कुंपणावर चढणाऱ्या कृष्णकमळाचा वेल अनेक घरांत असतो. तोही अमेरिकेचा. थंडीत तो मरगळतो, पण उन्हाळ्यात मुळांतून नवे फुटवे धाडतो आणि वितीवितीने कुंपण काबीज करतो. तेथे गेलेल्या धर्मप्रसारकांना या फुलात प्रभूच्या दुःखसहनाची सारी चिन्हे दिसली. मधली झालर म्हणजे काटेरी मुकुट. पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा. तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे. तणावे म्हणजे चाबकाच्या दोऱ्या. दहा पाकळ्या म्हणजे पेत्र आणि यहूदा वगळून उरलेले दहा शिष्य. १६१० मध्ये जाकोमो बोसिओ याने रोममध्ये प्रसिद्ध केलेल्या क्रूसाविषयीच्या ग्रंथात हे वर्णन दिले आणि ते युरोपभर गेले.

हाच वेल आपल्याकडे आला आणि मराठी आजीने त्याच फुलाकडे पाहिले. तिला झालरीच्या तंतूंत शंभर कौरव दिसले, पाच पुंकेसरांत पाच पांडव, तीन कुक्षींत ब्रह्मा-विष्णू-महेश, आणि रंगात श्रीकृष्ण. तिने त्याला कृष्णकमळ म्हटले. फूल एकच, पाकळ्यांची संख्याही तीच. वाचणारे डोळे दोन. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरातील मूल ही दोन्ही वाचने ऐकत वाढते. शाळेतल्या मैत्रिणीकडून एक, धर्मशिक्षणाच्या ताईकडून दुसरे. यात गोंधळ काहीच नाही. उलट, एका फुलाची दोन नावे ठाऊक असणे हे त्या मुलाचे धन आहे.

ही समन्वयाची दृष्टी आपल्या परंपरेला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी १५७९ मध्ये गोव्याला आले, मराठी शिकले आणि त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून झाले. मराठीची थोरवी सांगताना त्यांना आठवण झाली ती येथल्या मोगरीच्या फुलाची. आपल्या मायदेशातील गुलाब त्यांनी पुढे केला नाही. परक्या भूमीत रुजायचे ठरविलेला माणूस प्रथम तेथील फुलांची नावे शिकतो.

गवताची वही

झाडाफुलांना नावे मिळतात, गवताला शिव्या मिळतात. काळ्या रानातल्या शेतकऱ्याला हरळी आणि कुंदा ही दोन नावे उच्चारली तरी घाम फुटतो. दोन्ही बहुवर्षायू. कुंद्याच्या गाठी हातभर खोल जातात. नांगराने तुकडे केले तर प्रत्येक तुकडा नवा जन्म घेतो. वैशाखात सारे रान करपलेले असते, तरी एखादा वळीव पडला की चार दिवसांत जमिनीवर हिरवी सुई दिसते. अंगणात मात्र हीच हरळी दूर्वा होते, लेकराच्या पावलाखाली गादी होते, आडाच्या काठची माती धरून ठेवते. एकच गवत शेतात वैरी आणि अंगणात सोयरे.

या दुर्लक्षित गवतांची वही कोणी लिहिली? त्या कामात मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील एका स्विस येशूसंघीयाचा मोठा वाटा आहे. फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७-१९३४) यांनी आयुष्यभर वनस्पती गोळा केल्या. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह त्या महाविद्यालयात आहे. चार्ल्स मॅकॅन यांच्यासह सिद्ध केलेला त्यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९३५ मध्ये, प्रसिद्ध झाला. तीच परंपरा फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी पुढे नेली. स्पेनमध्ये जन्मलेले हे धर्मगुरू भारताचे नागरिक झाले, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले. १९७० मध्ये त्यांनी येथेच देह ठेवला.

पण या वहीत आपले पान कोरे राहिले. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा प्रमाणग्रंथ तयार केला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने इलाख्याच्या हद्दीबाहेर होता. त्यामुळे आपल्या भागातील झाडाझुडपांची अशी मोजदाद राहून गेली. राजकीय सीमारेषा गवताच्या पात्यालाही कशी चुकत नाही, ते येथे दिसते. ती उणीव औरंगाबादच्या प्रा. व्ही. एन. नाईक यांनी भरून काढली. त्यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरील दोन खंडांचा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे कुक यांच्यानंतर ९० वर्षांनी. आपला धर्मप्रांतदेखील उशिरानेच, १७ डिसेंबर १९७७ रोजी, अमरावतीपासून वेगळा होऊन औरंगाबाद धर्मप्रांत म्हणून उभा राहिला. नोंद उशिरा झाली म्हणून अस्तित्व उशिराचे ठरत नाही. गवत नोंदीच्या आधीही उगवतच होते.

भूकंप आणि पाण्याची गाडी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणीकंप झाला. आदल्या रात्री गणेशविसर्जन होऊन गावे निजली होती. ज्या जाड दगड-मातीच्या भिंतींनी पिढ्यानपिढ्या ऊन अडवले होते, त्याच माणसांच्या अंगावर आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. नव्या वसाहतींत रुंद रस्ते आले, घरे एकमेकांपासून सुटी झाली आणि प्रत्येक घराभोवती मोकळी जागा आली. जुन्या गावात भिंतीला भिंत लागून होती, झाडाला जागा नव्हती. नव्या ओसाड माळावर सावलीच नव्हती. म्हणून लोकांनी झाडे लावली. ज्यांनी घरातली माणसे मातीआड केली, त्यांनीच पुन्हा मातीत हात घालून रोप लावले. या कृतीला कोणते नाव द्यावे? श्रद्धा हा शब्द येथे अपुरा वाटत नाही.

दुसरी आठवण २०१६ सालची. सलग अवर्षणाने लातूर शहराचे नळ कोरडे पडले. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. १० टाक्यांमधून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. पुनरुत्थानाचा सण त्या वर्षी २७ मार्चला झाला होता. म्हणजे ऐन पुनरुत्थानकाळात एक शहर घोटभर पाण्यासाठी रुळांकडे डोळे लावून बसले होते. अशा वर्षी बागेची भाषा बोलणेही चैनीचे वाटते. हिरवळ जळते, गुलाब जातो, कुंड्या रिकाम्या होतात. तरीही भांडी धुतलेले पाणी कोठे ओतायचे हा निर्णय प्रत्येक घरात दररोज होत असतो. ते तांब्याभर पाणी ज्या झाडाच्या बुडाशी जाते, ते झाड त्या घराचे किती जिवलग आहे हे त्यावरून कळते. आणि ज्यांना तेवढेही मिळत नाही, ते चाफा, सीताफळ, कोरफड आपापल्या साठ्यावर दिवस काढतात. दुष्काळ अंगणाची परीक्षा घेतो. त्यात देशी-परदेशी असे दोन वर्ग नसतात. तगणारे आणि न तगणारे, एवढेच उरतात.

रुजण्याची अट

येथे एक सावधगिरी हवी. बाहेरून आलेले सगळेच गोड असते असे नाही. शोभेचे कुंपण म्हणून आणलेली घाणेरी रानोमाळ पसरली आणि तिने चराऊ गवत गिळले. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेले गाजर गवत काही दशकांतच गावोगावच्या पडीक जमिनीवर माजले. त्याने गुरांचा चारा हिरावला आणि माणसांच्या अंगाला खाज आणली. तीही अमेरिकेचीच आणि सीताफळही अमेरिकेचेच. फरक कोठे पडला? सीताफळाने या मातीचा ताण सोसला, येथल्या ऋतूशी आपले पान जुळवले, आणि शेजाऱ्याची जागा न बळकावता उपाशी माणसाच्या हातात फळ ठेवले. म्हणून लोकांनी त्याला सीतेचे नाव दिले. नाव मागून मिळत नाही. ते शेजारी देतात, आणि दिल्यावर परत घेत नाहीत.

आपल्याला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर मला यात दिसते. आपल्यापैकी बहुतेकांची कुळे याच गावांतली, याच बोलीतली आहेत. पण तसे नसते तरी काय बिघडले असते? मूळ कोठले यापेक्षा मूळ किती खोल, हे माती विचारते. दुष्काळात जो गावाबरोबर राहिला, भूकंपात ज्याने ढिगारा उपसला, ज्याच्या शाळेने आणि दवाखान्याने सावली दिली, तो या मातीचा. आणि ज्याने केवळ जागा अडवली, तो येथे जन्मला असला तरी घाणेरीच्या कुळातला. हा निकष इतरांना लावण्याआधी प्रत्येकाने स्वतःला लावून पाहावा.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात असिसीच्या संत फ्रान्सिस यांची एक आठवण दिली आहे. मठाच्या बागेचा एक तुकडा न लागवडता तसाच सोडावा, म्हणजे तेथे रानफुले आणि रानगवत आपल्या मर्जीने वाढतील, असे संत सांगत. आपल्या चर्चच्या आवारांत आज फरशा आणि सिमेंट वाढत आहे. तेथे हरळीला आणि भुईचाफ्याला हातभर माती राहू द्यावी. त्याबरोबर आणखी एक करता येईल. धर्मशिक्षणाच्या मुलांनी येत्या मे महिन्यात, मरियामातेला फुले वाहण्याच्या दिवसांत, आपल्या धर्मग्रामातील घरोघरच्या अंगणात काय फुटले आहे याची एक वही करावी. झाडाचे नाव, ते कोणी लावले, रोप कोठून आणले, आजी त्याला काय म्हणते, एवढेच लिहावे. आपल्या भागाचे पान एकदा कोरे राहिले होते. ते पुन्हा राहू नये.

त्या पहाटे मग्दालियेने प्रभूला माळी समजण्यात चूक केली, असे आपण म्हणतो. नांदेड-लातूरच्या वैशाखात, भेगाळलेल्या जमिनीवर, पावसाच्या एकाही थेंबाविना फुटलेला कढीपत्त्याचा कोंब पाहताना वाटते की, तिची फारशी चूक झालीच नव्हती.